फुटाण्याचं ताट

कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यावर सहा यंत्रकुत्री माग काढत होती. कुणीतरी फोनवरच्या खेळात वर्षानुवर्षं सांभाळलेला एकेक कुत्रा आता त्यांच्या डोक्यात होता. माणसांत वाढलेल्या या कुत्र्यांना माणूस चटकन कळायचा. पहिल्या कामगिरीला पाळणाऱ्यालाही बोलवायची पद्धत होती. म्हणून एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर वैजयंता भोईटे ढिगाऱ्याभोवती बांधलेल्या दोरीपाशी उभ्या होत्या. त्यांनी फोनवर वाढवलेल्या फुटाण्याचा आज पहिलाच दिवस होता.

पाच यंत्रं आवाजाच्या मागावर पश्चिमेला गेली. फुटाणा मात्र गर्रकन वळला आणि खाली कुणी नाही असं ठरवून सोडलेल्या कोपऱ्याकडे धावला.

"भरकटलं ते. बंद करा," पथकप्रमुख म्हणाले.

"खबरदार!" बाईंचा बसमधला आवाज अजून शाबूत होता. "माझा फुटाणा भरकटत नाही, साहेब. त्याला कुणीतरी जेवायला बोलावलंय. सात वर्षं मी ताटावर चमचा वाजवूनच त्याला बोलावते. घरचे हसायचे मला."

प्रमुखांनी सगळ्यांना गप्प केलं. फुटाणा एका स्लॅबवर शेपूट हलवत उभा होता. खालून अगदी बारीक टणटण ऐकू आली.

दोन तासांनी एका बाईला जिवंत बाहेर काढलं. तिच्या मुठीत वाकलेला चमचा तसाच होता.

वैजयंताबाईंनी चहाच्या तंबूतून स्टीलचं ताट मागून आणलं. सगळे आपल्याकडेच बघताहेत ना, हे आधी नीट पाहून घेतलं आणि मग ताट वाजवलं.

अख्खा ढिगारा ओलांडून फुटाणा त्यांच्याकडे धावत आला, पहिल्यांदाच खऱ्या पायांनी.