तिसरा डबा

जहागीरदारांचा गडी दस्तगीर, त्यानं फडकं सोडलं आणि खेळातल्या आगगाडीचा डबा ऐरणीवर ठेवला. तोच तिसरा डबा, तेच मागचं चाक. चाक निखळून फडक्यात वेगळं पडलं होतं.

मुंजाजी कासाराचं डोकं फिरलं. पहिल्यांदा चाक निघालं तेव्हा त्यानं रुळांना दोष दिला होता, पुढच्या खेपेला जहागीरदारांच्या पोरांना. आता स्वतःचा हात सोडून दोष द्यायला काही उरलं नव्हतं.

गाडी म्हणजे जहागीरदारांची हौस. ते कधीतरी बार्शीला गेले, तिथली अरुंद रुळांवरची आगगाडी त्यांनी पाहिली आणि तशीच वीतभर उंचीची गाडी आपल्या गढीत धावली पाहिजे म्हणून हटून बसले. चावीचं इंजिन मुंबईहून आलं. डबे मात्र शिरूरच्या मुंजाजीनं पितळी पत्र्याचे केले. जहागीरदारांनी हातवारे करून सांगितलं, तसे. खिडक्यांना बारीक काड्यांचे पडदे बसवले. वळणावर गाडी उलटायला लागली तेव्हा डब्यांच्या तळाला शिसं ओतून दिलं. मुंजाजीनं जन्मात खरी आगगाडी पाहिली नव्हती, पण शिरुरात ती पाहिली होती तरी कुणी?

"सायेब म्हणले, ह्या खेपेला पक्कं करा," दस्तगीर म्हणाला. "फिरून निघालं तर बार्शीचा मिस्त्री आणू म्हणले."

मिस्त्रीची मुंजाजीला फिकीर नव्हती. फिकीर होती ती शहादेवाची. शहादेव त्याचा व्याही. जहागीरदारांच्याच गावी त्याचं बांगड्यांचं दुकान. लग्नात भर मांडवात त्यानं आंदणाची घागर वाजवून पाहिली आणि चारचौघांत म्हणाला, जोड कच्चा आहे. मुंजाजीनं ती घागर रात्रभर पाणी भरून ठेवली होती, थेंब गळला नव्हता. मग मुंजाजीनंही सुनावलं, की बांगड्या विकून खाणाऱ्याला पितळेतलं काय कळतं. झालं. व्याह्यानं माझ्या दारात येऊन जोड कच्चा होता एवढं कबूल करावं, मगच सून माहेरी धाडीन, असा शहादेवानं निरोप पाठवला. हात तोडून देईन पण हे बोलणार नाही, असा मुंजाजीनं उलटा पाठवला. दिवाळ्या गेल्या, पंचम्या गेल्या. मुंजाजीची लेक चतुरा माहेरी आली नाही. तिचं नावसुद्धा घरात काढायचं नाही असा मुंजाजीचा दम होता, आणि त्याची बायको कडूबाई ते नाव खरोखरच काढत नव्हती.

आता गढीत चाक निखळल्याचं शहादेवाच्या कानावर गेलं असणार. तो हसत असणार. या विचारानं मुंजाजीच्या जिवाची नुसती आग झाली.

त्यानं डबा उलटा केला. चाकाचा कणा एका पितळी खिळीवर अडकलेला असे. ती खिळी ठोकून तो वरून अशी घासून काढी, की जोड नखालाही लागू नये. कधी दुरुस्तीला काढावी लागलीच, तर तळाशी एक सुईएवढं भोक ठेवलेलं होतं. त्यातून आतली कळ नेमकी दाबली तरच खिळी बाहेर येई. धक्क्यानं ती निघणं शक्य नव्हतं. तरी निघाली होती.

भोकात काहीतरी अडकलं होतं. त्यानं चिमट्यानं ओढून काढलं. बाभळीच्या काट्याचं मोडकं टोक होतं.

मुंजाजी त्या टोकाकडे बघत राहिला. त्या भोकातून कळ दाबायला तो नेहमी बाभळीचा काटाच वापरी. ही युक्ती त्यानं जन्मात एकालाच दाखवली होती. भट्टीशेजारी बसून भाता ओढणाऱ्या, सात-आठ वर्षांच्या पोरीला.

"गाडीला हात कोन कोन लावतं?" त्यानं विचारलं.

"कुनी न्हाई. पोरं चावी देत्यात, बस." दस्तगीर जरा आठवून म्हणाला, "हां, जनान्यात बांगड्या भरायला एक कासारीण येती. चाक निघालं की तीच म्हनती, हे शिरूरच्या मुंजाजीबिगर कुनाला जमायचं न्हाई."

दस्तगीर बाजार करायला गेला. त्याचा छकडा दारातच सोडलेला होता.

डबा आला की कडूबाई तो चिंच लावून घासायला घेई. आधीच लखलखीत असलेला डबा पदरात घेऊन बसून राही. घासलेलं काय घासतेस, म्हणून तो तिच्यावर खेकसत आला होता. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्यानं भट्टी फुलवली. खिळी बसवली, डाग धरावा म्हणून नवसागर लावला आणि तळाचं भोक कथलाचा डाग देऊन कायमचं बुजवून टाकलं.

कडूबाई दारात उभी होती. तिच्या हातातली चिंच खाली पडली.

"बुजवलं कावून?" ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती नवऱ्याशी इतक्या कडक आवाजात बोलली नव्हती. "तिचा हात लागलेलं तेवढंच येत व्हतं घरात. आता ते परत कसं यील?"

"म्हंजी तुला ठावं व्हतं."

"पहिल्या खेपेपून. दस्तगीरनं कासारनीचं सांगितलं तवाच वळखलं."

मुंजाजीनं डबा पाण्यात बुडवून गार केला, पुसला आणि फडक्यात बांधला. दस्तगीर बाजारातून येताना दिसला तसा तो उठला.

"डबा न्हाई यायचा आता. पोरगी यील," तो म्हणाला. "माझं पागोटं काढ. शहादेवाच्या दारात जाऊन सांगून येतो, घागरीचा जोड कच्चाच व्हता."