चाकामागचा दगड

बिद्रीतल्या गॅरेजमागच्या चढावर शांभवीनं मोटारसायकल थांबवली आणि तिच्या वडिलांनी, शिवाप्पांनी, सवयीनं चाकामागं दगड सरकवला. गेल्या महिन्यात ती सीटवरून साइडकारमधल्या व्हीलचेअरमध्ये सरकताना गाडी मागं घरंगळली आणि पोर रस्त्यावर आपटली होती. उद्यापासून तर ती गारगोटीच्या शाळेत शिकवायला एकटीच जाणार होती. गुंडू मिस्त्रीनं गिअर आधीच हाताशी आणला होता. आज हँडब्रेकही बसवला. "काका, दगड काढा की," मिस्त्री म्हणाला. "ब्रेक न्हाय धरला तर?" "खाली मी उभा हाय न्हवं?" शांभवीनं ब्रेक खेचला. शिवाप्पांनी दगड उचलून छातीशी धरला. हातांवर अंग तोलत पोर साइडकारकडं झुकली. गाडी करकरली. शिवाप्पा चाकापाशी सरकले. चाक मात्र तसूभरही हललं नाही. खुर्चीत टेकून शांभवीनं वळून चाकामागं बघितलं. "अप्पा, दगड काढलासा, आता पायबी काढा."