पांढरी पट्टी

लाम काकांनी पट्टी टेबलावर पसरली, आणि जिल्हा रुग्णालयाच्या डॉक्टर उयेन नेमकं नको तेच बोलल्या. "किती पांढरीशुभ्र आहे हो."

काका फुलले. व्हिएतनाममधल्या का माऊ प्रांतातल्या या माणसाने जन्मभर कोळंबीची टरफलं विकली. टरफलांची भुकटी जितकी पांढरी तितका भाव चढा, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक. त्या भुकटीचा पट्टीसाठी धागा काढायचा आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे चांदीचे कण बसवायचे, हे काम त्यांच्याकडे नोकरीला असलेल्या ख्वेचं. त्या चांदीने जखमेतले जंतू मरतात आणि त्याच चांदीने धाग्याला चहाचा रंग येतो. काकांना तो रंग बघवेना. ख्वे टेतच्या, म्हणजे नववर्षाच्या, सुट्टीला गावी गेली, तेवढ्यात त्यांनी सगळा माल टरफलं पांढरी करायच्या हौदात बुडवून काढला. रंग गेला. रंग म्हणजेच चांदी. तीही गटारात गेली.

परत आल्यावर ख्वेने काचेच्या ताटल्यांत जंतू वाढवून त्यांना दाखवले होते. तिच्याकडच्या जुन्या नमुन्यातल्या भुऱ्या धाग्याभोवती जागा स्वच्छ, पांढऱ्याला जंतू खेटून बसलेले. काकांनी बराच वेळ पाहिलं आणि वास येतो म्हणून ताटल्या फेकायला लावल्या.

आता डॉक्टर सांगत होत्या, की भुरी पट्टी दिसली की पेशंटचे नातेवाईक भांडायला उठतात, कुणाची तरी वापरलेली गुंडाळली म्हणून. पांढरी असली की कटकट नाही. काकांनी मान डोलावली आणि सुक्या कोळंबीची पिशवी पुढे सरकवली. डॉक्टरांनी ती न लाजता पायाशी ओढून घेतली. ख्वेला दोघांचीही किळस आली. एकाला माल खपवायचा होता, दुसरीला कटकट नको होती, आणि ज्याला पट्टी बांधायची त्या लुअमचा विचार दोघांच्याही डोक्यात नव्हता.

लुअम काकांच्याच कारखान्यातला. कॉस्टिक सोड्याची बादली अंगावर सांडून त्याचे दोन्ही हात खांद्यापर्यंत सोलून निघाले होते. पहिल्या पट्ट्या आज संध्याकाळी त्यालाच बांधायच्या, त्याही फुकट. आपलं माणूस आहे, असं काका आल्यापासून सगळ्यांना ऐकवत होते.

"डॉक्टर, ही पट्टी लुअमला बांधू नका," ख्वे म्हणाली. "हिच्यात चांदी उरलेली नाही. जखम आत सडेल आणि वरून तुम्हाला कळणारही नाही."

काका हसले. "मनावर घेऊ नका. फार शिकली की पोरींचं असं होतं. जा गं, बर्फाचा चहा सांग."

डॉक्टरांनी पुरावा विचारला. मासळीचा भाव विचारावा तसा विचारला. ताटल्या कचऱ्यात गेलेल्या. नव्या करायच्या तर जंतू वाढेपर्यंत थांबावं लागणार, आणि लुअमची पट्टी तर संध्याकाळीच. काकांचं हसू मावळलेलं ख्वेने पाहिलं. नोकरी गेलीच होती. मग भीड तरी कशाला धरायची?

"काका, डावा मोजा काढा."

काका ओशाळले नाहीत, चिडले. पायाचा इथे काय संबंध, म्हणाले, आणि पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"तळव्याची जखम डॉक्टरांना दाखवा ना," ख्वे म्हणाली. "सगळा माल बुडवलात, पण एक भुरी गुंडाळी वेगळी ठेवलीत. परवा तिची पट्टी मीच कापून दिली तुम्हाला. मला वाटलं, चुकून राहिली असेल."

डॉक्टर पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघत राहिल्या. मग खुर्चीवरून उठल्या, काकांपुढे उकिडव्या बसल्या आणि मोजा हाताने ओढून काढला. पट्टी चहाच्या रंगाची होती. त्यांनी ती सोडली. खालची जखम कोरडी, भरत आलेली.

मग काकाच समजावून सांगू लागले. लहान पोरांना सांगावं तसं, शांतपणे.

"माझी गोष्ट वेगळी आहे. मला साखरेचा आजार आहे. जखम चिघळली तर माझा पाय कापावा लागेल."