कोंडाण्याचं कार्ड

कोंडाण्याच्या पंपघरात शिरताना ऋषिकेशने आपलं नाव सांगितलं नाही. "कंपनीतून आलोय, योगेंद्रच्या जागी," एवढंच म्हणाला.

"या सायेब." पंपघराची किल्ली सांभाळणाऱ्या विमलबाईंनी भिंतीवरच्या डब्याकडे बोट केलं. "पडदा उजळायचा, इंग्रजी ओळी यायच्या नि तितंच अडकायच्या. विहीर आटली तरी मोटर चालूच. जळली शेवटी."

विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटर बंद करायची, हेच त्या डब्याचं काम. ती का बंद झाली नाही, हे ऋषिकेशला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

डब्यात चालणारे सगळे प्रोग्राम तो खालापूरला घरी बसून लॅपटॉपवर तयार करायचा. लॅपटॉपचा प्रोसेसर एका जातीचा, डब्यातला दुसऱ्या, म्हणून प्रत्येक प्रोग्राम डब्यासाठी मुद्दाम वेगळा तयार करावा लागतो. त्या दिवशी मोटरीचा प्रोग्राम घाईत लॅपटॉपसाठीच तयार झाला आणि तसाच मेमरी कार्डावर भरायच्या फाइलीत गेला. डब्यात तो चालणं शक्यच नव्हतं. पाठवण्याआधी घरी ठेवलेल्या तशाच डब्यावर लावून बघायचा नियम होता. पण चुलत बहिणीची हळद होती, बाहेर बेंजोवाले येऊन थांबले होते. राहून गेलं.

साहेबांनी कॉलवर विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "कार्डावर फाइल नीट उतरली नसेल."

कार्डं भरून गावोगाव बसवायचं काम योगेंद्रचं. तोही त्याच कॉलवर होता. एक शब्द बोलला नाही. महिनाअखेर त्याला काढलं. आता माथेरानला कुठल्याशा हॉटेलात सामान उचलतो म्हणे. योगेंद्रला काही कळलं नाही, असं वाटून कॉलवर ऋषिकेशला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याचीच आता त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

त्याने नवं कार्ड बसवलं. पडद्यावर ओळी भराभर सरकल्या, हिरवे आकडे आले. मोटर चालू करून त्याने पाण्याची पातळी मोजणारी वायर विहिरीतून वर ओढून पाहिली. मोटर आपोआप बंद झाली.

"झालं," तो म्हणाला.

"नवी मोटर येईस्तोवर अकरा दिवस बायांनी नदीवरनं पानी वाह्यलं," विमलबाई स्टोव्ह पेटवत म्हणाल्या. "धोंडूबाई चढावर घसरली. खुबा मोडला."

"आता कशा आहेत?"

"हाय. बसून असती."

ऋषिकेश स्क्रूड्रायव्हर पुसत राहिला. तो कधीच स्वच्छ झाला होता.

"योगेंद्र आलता मागं," त्या म्हणाल्या. "देवळापुढं सगळ्यांना हात जोडलं. म्हनला, चूक माजी. धोंडूबाईच्या पाया पडला."

आता सांगून टाकावं. दोन वाक्यांचं तर काम होतं.

"मी..." त्याने सुरुवात केली. विमलबाई त्याच्याकडे बघू लागल्या. "मी ओळखतो त्याला. चांगला माणूस."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि पंपघराची वही पुढे केली. "हितं नाव लिवा. कोन आलं, काय केलं."

ऋषिकेशने कुणालाच वाचता येणार नाही असं काहीतरी गिचमिड खरडलं. विमलबाईंनी ते बराच वेळ पाहिलं. मग वही मिटून चहा गाळायला घेतला.

"माजी नात रिया आठवीत हाय," त्या गाळता गाळता म्हणाल्या. "मोटर जळल्यावर योगेंद्र बघाया आला, तवा तिनं त्याला इचारलं, पडद्यावरच्या या ओळीत लिवलंय काय? तो म्हनला, पयल्या ओळीत बनवनाऱ्याचं नाव येतंय, खाली त्याचं काय चुकलं ते. तिनं मोट्यानं वाचलं. तवा तो म्हनला, काकू, गावात बोलू नका. पोरगं नवं हाय, येईल नि आपनहून सांगंल."

त्यांनी कप त्याच्यापुढे धरला.

"घे रं ऋषिकेश, चा गार होतोय."