मांडणीपलीकडचं पान

बहात्तरच्या दुष्काळात एका भरदुपारी पाथर्डीचे कानिफनाथ मास्तर नगरमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरले. विकत न घेता फुकट वाचून जाणाऱ्या मास्तरांना बघून मालक छगनशेठनं तोंड वाकडं केलं.

मास्तरांनी उभ्याउभ्याच एक पुस्तक उघडलं. त्यांनी पान उलटलं की मांडणीमागंही पान उलटल्याचा आवाज येई. ते थांबले. आवाज मात्र थांबला नाही. भराभर पानं उलटत तो जवळ येऊ लागला.

"मागं कोण आहे?"

"वाचत ऱ्हावा," छगनशेठ उंबऱ्याबाहेर पडत म्हणाला. "तुमी थांबला की ते हिकडं येतं."

त्यानं बाहेरून कडी घातली.

मास्तर घाईघाईनं वाचू लागले, तसा आवाज मागं सरला. शेवटची दोन पानं उरली, तेव्हा त्यांनी मांडणीवरचं दुसरं पुस्तक ओढलं.

पलीकडून कुणीतरी ते घट्ट धरलं होतं.