रेड करंटचा घोस

"हेच का गं ते झुडूप?" सुहृदच्या आईने विचारलं.

मृदुलाने मान डोलावली. देवदारांखाली, दरीच्या अगदी काठावर, रानटी रेड करंटचं झुडूप लाल घोसांनी लगडलं होतं. गेल्या वर्षी दोघं वनस्पतींचे नमुने गोळा करायला आली होती, तेव्हा सुहृद इथूनच दरीत कोसळून गेला. "नमुना तोडताना, काकू," असं तिने तेव्हा सांगितलं होतं. खरं तर नमुना आदल्याच दिवशी कागदांत दाबून झाला होता.

काकूंनी एक फळ चाखलं. "शी, केवढं आंबट! आमटीत चिंच जास्त पडली तर ताट सरकवायचा माझा लेक."



काकूंनी एक घोस तोडून तिच्या हातावर ठेवला. "तुझ्या नमुन्यासाठीच तोडत होता ना? खा मग."

तिने शेवटच्या फळापर्यंत सगळं खाल्लं. दात आंबले. डोळे मात्र वर्षभर होते तसे कोरडेच राहिले.