गुरुवारचं पितळ

पहिलं अंडं यामिलाच्या टाळूवर फुटलं, तेव्हा एल्विराबाई कुत्र्याला घेऊन लिफ्टमधून बाहेर पडत होत्या.

दुसरं कानावर बसलं, तिसरं पाठीत. मग मैत्रिणींनी मैद्याची अख्खी पिशवी तिच्या डोक्यावर पालथी केली. पोरगी किंचाळत होती, हसत होती, आणि सकाळीच धुतलेल्या फुटपाथवर पिवळा-पांढरा चिखल पसरत चालला होता. शेवटची परीक्षा पास होऊन आलेल्याचं ब्वेनोस आयरेसमध्ये असंच करतात. वैऱ्यालाही कुणी इतकं माखणार नाही, आणि इथे माखणारे सगळे जिवाभावाचे असतात.

इमारतीचा रखवालदार आन्सेल्मो गालार्सा हातात पाण्याचा पाइप धरून उभा होता. तो रडत होता आणि पाइपचं पाणी तोंडावर उडाल्याचं सोंग करत होता.

खरं तर हा सगळा गोंधळ मेडिकल कॉलेजच्या पायऱ्यांवर व्हायचा होता. त्यासाठी आन्सेल्मोने दोन तासांची सुट्टी मागितली होती. एल्विराबाई सोसायटीच्या अध्यक्ष. त्या म्हणाल्या, "उद्या गुरुवार. गुरुवारी पितळ घासायचं असतं." म्हणून आज त्याने दाराशेजारची इंटरकॉमच्या घंटांची पितळी पाटी घासली, बारा घरांची बारा बटणं, तोंड दिसेल अशी. आणि मैत्रिणींनी यामिलाला कोरडीच बसमध्ये घालून बापाच्या पुढ्यात आणून उभी केली. अंडी त्याने सोमवारपासून झाडूच्या कपाटात लपवून ठेवली होती.

"हे काय चाललंय, गालार्सा?"

"माझी मुलगी डॉक्टर झाली, बाईसाहेब."

"ते नाही विचारलं मी. ही घाण कुणी केली?"

"मीच. पहिलं अंडं माझं."

एल्विराबाईंनी नाकाला रुमाल लावला.

"फुकट शिकायचं आणि वर रस्त्यात धिंगाणा घालायचा! एक पेसो तरी फी भरलीस का रे हिची, इतक्या वर्षांत? आमच्या टॅक्सवर डॉक्टर व्हायचं आणि आमचंच दार नासवायचं."

बाईंच्या पोटात नेमकं कुठे दुखतंय, हे आन्सेल्मोला पक्कं ठाऊक होतं. त्यांचा फाकुंदोही याच फुकटच्या विद्यापीठात गेला होता, यामिलाच्याच वर्षी, त्याच दारातून. वर्षाच्या आत पुस्तकं टाकून घरी आला आणि तेव्हापासून दुपारपर्यंत झोपतो. आन्सेल्मोने याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. गच्चीवरच्या एका खोलीत तिघं, म्हणून पोरगी जिन्यात बसून वाचायची, तर बाईंनी त्याच्याच हाताने जिन्यातला दिवा काढायला लावला होता. वीज सोसायटीची आहे, म्हणे. तेव्हाही तो बोलला नव्हता.

"दहा मिनिटांत सगळं लख्ख पाहिजे," बाई म्हणाल्या. "नाहीतर सोमवारच्या मीटिंगला पहिला विषय तुझी नोकरी. नोकरी गेली की खोली गेली. ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. बावीस वर्षं तो तेवढ्या एकाच गोष्टीला भीत आला होता. त्याने मुकाट्याने पाइप वळवला.

पण त्याच्याआधी यामिला पुढे झाली. केसांतून बलक ओघळत होता, पापण्यांवर मैदा होता. तिने भिंतीला टेकवलेला झाडू उचलला.

"असू दे पपा, मी करते. तू नुसतं पाणी मार."

"बघ, हिला बरोबर कळलं," बाई म्हणाल्या. "शेवटी झाडूच ना!"

आन्सेल्मोने नळ बंद केला. मुलीच्या हातातून झाडू जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"याला हात लावायचा नाही तू. आजपासून नाही."

"मग तू धू," बाई म्हणाल्या.

"धुईन. उद्या. आज लोकांना दिसू दे." त्याचा आवाज चढला. इतका चढलेला आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "आणि टॅक्सचं म्हणालात ते खरं आहे, बाईसाहेब. तुमचाही पैसा, या बारा घरांचाही, पाव घेतो तेव्हा माझाही. सगळ्यांच्या पैशाने शिकलीय पोरगी. मग सगळ्यांनी यायला नको?"

तो पाटीकडे गेला आणि बलकाने माखलेल्या अंगठ्याने पहिल्या मजल्याची बटणं दाबली. मग दुसऱ्याची. मग तिसऱ्याची. चकचकीत पितळावर पिवळे ठसे उमटत गेले.

"अरे, पितळ! पितळ!" बाई ओरडल्या. कुत्रा भुंकायला लागला. पाटीतून एकेक आवाज येऊ लागला, कोण आहे, कोण पाहिजे. या पाटीपुढे उभं राहून त्याने इतकी वर्षं एकच उत्तर दिलं होतं: मीच, रखवालदार. आज त्याने कुणालाच उत्तर दिलं नाही.

चौथ्या मजल्याचं, एल्विराबाईंचं बटण त्याने शेवटी दाबलं आणि अंगठा उचललाच नाही. वर घंटा वाजत राहिली.

बाईंनी त्याची बाही धरली. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता.

"तिथे नको, गालार्सा. तो झोपलाय."

आन्सेल्मोने अंगठा आणखी जोराने दाबला. बऱ्याच वेळाने पाटीत खरखर झाली.

"कोण?" फाकुंदोने जांभई देत विचारलं.

"डॉक्टरचा बाप," आन्सेल्मो म्हणाला. "खाली या. अंडी शिल्लक आहेत."